दुसरेपणाचा पिच्चर

टीव्हीवर रहस्यपट लागला की अन्साकाकू पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत खुनी कोण ते सांगून टाकायच्या आणि नळाला पाणी आलं म्हणून उठून जायच्या. आमच्या रविवारचा विचका तिथेच व्हायचा. पुढचे दोन तास आम्ही नुसते ह्या बाईंचं बरोबर निघतंय का ते बघत बसायचो, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. एकदा मी चिडून विचारलं, "काकू, तुम्हाला कळतं तरी कसं हो?" त्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यात काय कळायचंय भाऊ? घरात ज्याला कोन काय इचारत न्हाई, त्यानंच क्येल्यालं असतं. आता बगा, समद्यांना चा दिला. त्या कोपऱ्यातल्या मानसाला कुनी म्हनलं का, तू घेतला का म्हनून?"

खरोखरच कुणी म्हणालं नव्हतं. आणि खून त्यानेच केलेला होता.

नव्वदच्या सुमाराला मी मंचरला पेठेमागच्या गल्लीत छापखाना टाकला. पुढे ट्रेडल मशीन, मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको मंगल. भिंतीला भिंत लागून अन्साकाकूंचं घर. त्यांचे यजमान निवृत्ती, सगळे त्यांना तात्या म्हणत, मूळचे अवसरी बुद्रुकचे, मार्केट यार्डात मापाडी होते. दिवसभर कांद्याच्या गोण्या काट्यावर चढायच्या आणि हे आकडा ओरडायचे. घरी आल्यावर मात्र माणसाच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. असल्या घरात टीव्ही कुठला यायला? म्हणून दर रविवारी दुपारी चारला अन्साकाकू आमच्याकडे. हातात कायम काहीतरी काम, आणि बसायची जागा उंबरा. "आत या की," म्हटलं तर म्हणायच्या, "हितनं दोन्ही दिसतंय. तुमचा पिच्चर बी आन् आमचं दार बी."

त्यांना पिक्चरचं वेड होतं असं मी म्हणणार नाही. नटनट्यांची नावं त्यांना येत नसत. "ती मोठ्या डोळ्यांची", "त्यो हडकुळा", इतकंच. सुरुवात कधी पाहायच्या नाहीत, शेवटाला क्वचित थांबायच्या. मतं मात्र अशी ठणकावून द्यायच्या की मी, ज्याने पुण्यात शिकायला असताना कॉलेजपेक्षा थिएटरं जास्त पाहिली, तो मूग गिळून बसायचो.

त्यातलं एक मत आमच्या घरात कायमचं राहिलं. एका रविवारी मी शहाणपणा करत मंगलला सांगत होतो, की हा सिनेमा मूळ दक्षिणेतला, तिकडे खूप चालला म्हणून आपल्याकडे नवी माणसं घेऊन परत काढला. काकूंनी विचारलं, "मंजी गोष्ट तीच, मानसं दुसरी?" मी हो म्हणालो. "मंग दुसरेपणाचा पिच्चर म्हना की!"

मंगल हसली आणि लगेच ओशाळली. कारण काकू स्वतः दुसरेपणावर दिलेल्या होत्या. बोरी बुद्रुकची ही मुलगी बिजवराला दिली, तेव्हा तात्यांची पहिली बायको सुमन जाऊन वर्षही झालेलं नव्हतं आणि तिचा मुलगा दिलीप चार वर्षांचा होता. काकूंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात सुमनच्या नावाचा चांदीचा टाक असायचा. सवतीला गळ्यात वागवायची, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं आणि मग नेसायचं, असा रिवाज. काकू तो बिनतक्रार पाळायच्या. "ती बिचारी काय मागती? नुसतं दाखवा म्हनती," असं म्हणायच्या, जणू सुमन शेजारच्या खोलीत झोपली आहे.

काकूंना स्वतःचं मूल झालं नाही. दिलीपला त्यांनी वाढवलं आणि चांगलं वाढवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पोरगा वाईट नव्हता. पाण्याच्या कळशा आणून द्यायचा, उलटं बोलायचा नाही. फक्त तो त्यांना हाक मारायचा नाही. आई नाही, मावशी नाही, साधं 'अगं' नाही. बाहेरून आला की दाराची कडी दोनदा वाजवायचा. काकू आमच्या उंबऱ्यातून उठायच्या, "आले रं बाळा," म्हणत, जशी काही त्याने हाकच मारली आहे. पिक्चर कितीही रंगात आलेला असो, कडी वाजली की बाई निघाली. वर्षानुवर्षं हे चाललं. त्या कशाची वाट पाहतात हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी बोलून दाखवायचं नाही.

तर दुसरेपणाचे पिक्चर. त्यांच्यावर मी नेहमी टीका करायचो. जुन्याची सर नाही, जुन्यात काय गाणी होती, काय ती नायिका, वगैरे. एकदा काकूंनी तांदळाचं सूप खाली ठेवलं. "एक सांगा भाऊ. पयला तुमी कितींदा बगितला?"

"एकदाच. कॉलेजात असताना."

"मंग! एकदा बगितला आन् गेला, म्हनून चांगला. पयली मेली म्हनून चांगली असती. जित्ती असती तर तुमी तिलाबी नावं ठिवली असती, मीठ जास्त पडलं म्हनून. ह्या दुसरीला रोज तुमच्यापुढं उभं ऱ्हावं लागतं." एवढं बोलून त्यांनी पुन्हा सूप मांडीवर घेतलं. त्या दिवसापासून मी जुन्या सिनेमाचं कौतुक त्यांच्यासमोर केलं नाही. माझी काय बिशाद!

रहस्याबद्दलही त्यांचं असंच स्वतःचं होतं. आमच्याकडे वीज जायची ती नेमकी खुनी सापडायच्या वेळी. टीव्ही काळा पडला की मी हळहळायचो, काकू खुशाल बसलेल्या. मी म्हणायचो, "काकू, तुम्हाला सस्पेन्सचं काहीच कसं वाटत नाही?"

"सस्पेन मंजी वाट बगायला लावनं ना? त्याची मला सवय हाय." वर आणखी म्हणाल्या, "शेवट म्हाईत नसला की कुनाचाबी जीव वर-खाली हुतो, त्यात काय मोठं? शेवट म्हाईत हाय, तरीबी जीव वर-खाली हुतोय, त्यो खरा सस्पेन."

मी हे बोलणं त्या वेळी सिनेमावरचं मत म्हणून ऐकलं. माणूस किती बहिरा असू शकतो!

दिलीप शिकला, चाकणला कंपनीत लागला, लग्न ठरलं जुन्नरकडच्या मुलीशी. तोवर ट्रेडल जाऊन माझ्याकडे कॉम्प्युटर आला होता. पत्रिकेचा मजकूर घेऊन दिलीप स्वतः आला. मी कागद वाचला, परत वाचला. 'श्री. निवृत्ती व कै. सौ. सुमन यांचे चिरंजीव'. खाली चुलते, मामा, आत्या, सुमनच्या माहेरची झाडून सगळी माणसं. प्रेषकांत पाच वर्षांची पोरंसुद्धा होती. अन्साकाकूंचं नाव कुठेच नव्हतं.

माझा धंदा चुका शोधण्याचा. छापलेली चूक कुणालाही दिसते, गाळलेलं नाव सहज निसटतं. मला ते दिसलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिलीपकडून कागद ठेवून घेतला. तो गेल्यावर मी माझ्या अकलेने मजकूर बदलला. सुमनला मानाने वर नेली, 'कै. सौ. सुमन यांच्या आशीर्वादाने'. रिवाजाला धरूनच होतं ते. आणि आईबापांच्या ओळीत लिहिलं, 'श्री. निवृत्ती व सौ. अनसूया यांचे चिरंजीव'. मनात म्हटलं, एकदा छापून हातात पडल्या की पोरगा लाजेकाजेने गप्प बसेल, आणि वाटून झाल्यावर कोण काय करणार आहे?

इथवर ठीक होतं. पुढचा गाढवपणा असा, की पहिला गठ्ठा हाती आला त्या दुपारी मी काकूंना बोलावून एक पत्रिका दाखवली. साक्षरतेच्या वर्गाला जाऊन त्या नाव लिहायला शिकलेल्या होत्या. त्यांचं बोट ओळीवरून सरकत 'अनसूया'वर आलं आणि तिथे थांबलं. कितीतरी वेळ त्या बोट उचलेनात. मग विचारलं, "दिलीपनं सांगितलं का आसं छापाया?"

आणि मी म्हणालो, "मग? त्याच्या सांगण्याशिवाय कसं छापीन?"

काकू उठल्या. पत्रिका पदराखाली धरून गेल्या. तासाभराने आमच्याकडे वाटीभर शिरा घेऊन आल्या. मंगलने विचारलं, "काय विशेष?" तर म्हणाल्या, "काय न्हाई, आपलं वाटलं." एवढ्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मंगलने नंतर मला धारेवर धरलं. "खोटं कशाला बोललात?" मी म्हणालो, "होईल गं सगळं नीट."

काही नीट झालं नाही. दुसऱ्या दिवशी दिलीप आला. रागावलेला नव्हता, रागावला असता तर मी भांडलो असतो. गठ्ठ्यातली पत्रिका वाचून त्याने ती अलगद परत ठेवली. "काका, मी लिहून दिलंय तसंच छापा."

"अरे, तिने तुला..."

"तिने काय केलंय ते मला माहितीये. तसंच छापा." आणि निघून गेला. मी तसंच छापलं.

संध्याकाळी नव्या पत्रिका घरी गेल्या, आणि मागोमाग काकू आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेली पत्रिका त्यांनी टेबलावर ठेवली. "ही एक आमच्याकडं ऱ्हायली व्हती. देवापुढं ठिवली व्हती, जरा कुकू लागलंया."

"काकू, माझं चुकलं."

"तुमी वाईट क्येलं न्हाई भाऊ. पन मला शेवट म्हाईत व्हता. ईस वर्सं म्हाईत व्हता. तुमी मदीच आशा घातली. आता परत पयल्यापासनं बसावं लागंल मला." त्यांचा आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. मला मात्र रडू आवरेना, आणि त्याच मला म्हणाल्या, "आवो, गप ऱ्हावा. गिऱ्हाईक येईल कोनी."

लग्नात वरमाय म्हणून तात्यांची बहीण मिरवली. काकू मांडवामागे आचाऱ्याला तेल-मीठ काढून देत होत्या. अक्षता पडल्या तेव्हा त्यांच्या मुठीत अक्षता होत्या आणि मधे कनात होती. मंगल त्यांना ओढून पुढे आणायला गेली, तर म्हणाल्या, "भात लागंल खाली." मी हे सगळं पाहत होतो. माझ्या खिशात त्याच लग्नाची मीच छापलेली पत्रिका होती.

त्यानंतर काही महिने काकू टीव्ही बघायला आल्या नाहीत. मग एका रविवारी येऊन उंबऱ्यात बसल्या, काही झालं नाही अशा. पण खुनी सांगायचं त्यांनी सोडून दिलं. मी मुद्दाम विचारायचो, "काकू, कोण असेल?" त्या म्हणायच्या, "असंल कोनीबी."

तेव्हा घरोघरी सीडी आल्या होत्या. एका पिक्चरची मी नवीन सीडी आणली. आधी थिएटरात आलेला, आता कापलेले प्रसंग परत जोडून लांबवलेला. मंगलला सांगत होतो, की यात एका नटीचं काम पूर्वी अख्खं कापलं होतं, ते आता घातलंय. काकूंचे हात थांबले.

"मंजी तिनं काम क्येलं व्हतं?"

"हो, केलं होतं की."

"आन् कुनाला दावलंच न्हाई?"

"लांबी वाढत होती म्हणून कापलं."

"मला दावा बरं ती बाई."

त्या दिवशी काकू पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसल्या. साडेतीन तास. हातात काम नाही, नळाचं पाणीही जाऊ दिलं. ती बाई एकूण तीन प्रसंगांत आली. एकदा नायकाला जेवायला वाढलं, एकदा त्याच्या तापलेल्या कपाळावर घड्या ठेवल्या, एकदा तो शहरात निघाला तेव्हा फाटकाशी उभी राहिली. बरं काम केलं होतं हो तिने. पिक्चर संपला तरी काकू उठेनात. मी म्हणालो, "बघा, शेवटी घातलं की नाही तिला?"

"घातलं," काकू म्हणाल्या. "पन तिच्यावाचून कुटं काय अडत न्हाई. गोष्ट तीच ऱ्हाती." मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "कापली त्ये बराबरच व्हतं. वाढीव काम ते वाढीवच."

मला काही बोलायला हवं होतं. 'नाही काकू, तसं नाही,' एवढं तरी. पण त्यांनी सिनेमा बरोबर पाहिला होता. त्या बाईवाचून काही अडत नव्हतं. मी सीडी काढली आणि डबीत ठेवली.

पुढच्या दोन-तीन वर्षांत काकू वाळत गेल्या. कावीळ झाली आणि ती अंगात मुरली. शेवटी दवाखान्यात ठेवलं, तिथे दिलीप रोज यायचा. रजा टाकून दिवस दिवस बसायचा. पेज चमच्याने भरवायचा, पाय चेपायचा, औषधाची वेळ चुकवायचा नाही. सगळं करायचा, आणि तोंडाने काही नाही. मी गेलो की काकू त्याच्याकडे बघत असायच्या. तो चमचा पुढे करताना त्याचे ओठ हलले की त्यांचे डोळे तिथे जायचे. एकदा मंगलला म्हणाल्या, "लई करतो गं माजं." आठव्या दिवशी दुपारी त्या गेल्या. दिलीप शेजारीच होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. त्याच्या दुसऱ्या दिवशी दशक्रियेची पत्रिका छापायची म्हणून दिलीप छापखान्यात आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मला त्याची कीव यायला हवी होती. आला तो राग. कॉम्प्युटरसमोर बसलो आणि मुद्दाम लागेल असं विचारलं, "काय घालू? आमची आई, असं घालू का?"

"आई नको, काका."

मग मात्र माझा तोल गेला. "अरे मेली ती! पंचवीस वर्षं तुझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि आता मेल्यावरसुद्धा तुझ्या हातून दोन अक्षरं सुटत नाहीत?"

तो स्टुलावर बसला. बोटांनी टेबलाची कड घासत राहिला. मग बोलला, तेही अडखळत. नवी बाई घरात यायच्या आदल्या दिवशी त्याच्या आजीने, सुमनच्या आईने, त्याला देवापुढे बसवून शपथ घातली होती. दुसऱ्या बाईला आई म्हणालास, तर तुझी आई वर पाण्यावाचून तडफडेल. चार वर्षांच्या पोराला! "आता कळतंय हो मला, की तसं काही नसतं. लग्नाच्या वेळीही कळत होतं. दवाखान्यात तर रोज ठरवून जायचो. पण तोंड उघडलं की आई पाणी मागताना दिसायची. मावशी म्हटलं असतं, तर हिला वाईट वाटलं असतं. म्हणून काहीच म्हणालो नाही."

"अरे, मग शपथ आहे एवढं तरी तिला सांगायचंस!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम पडला. "मला वाटलं, तिला माहीत असेल. घरात सगळ्यांना माहीत होतं. तात्यांनाही."

तात्यांनाही. त्यांच्यातल्या एकाने जरी सांगितलं असतं, तर त्या बाईने स्वतःच त्या पोराला बजावलं असतं, की शपथ मोडू नको म्हणून. सवतीला गळ्यात बांधून फिरणारी बाई ती. आणि पंचवीस वर्षं समजत राहिली की आपणच कुठेतरी कमी पडलो.

"मातोश्री घाला," दिलीप म्हणाला. "मातोश्री अनसूया. हा शब्द शपथेत नव्हता. काल राख सावडताना सुचलं."

मी टाइप केलं. पहिल्यांदा 'मातोश्री'चा काना राहिला, तो दुरुस्त केला. अक्षर मोठं करा म्हणाला, मोठं केलं. मग तो पडद्याजवळ वाकला आणि त्याने तो शब्द हळू आवाजात वाचला. परत एकदा वाचला, जरा मोठ्याने. ऐकायला मी एकटा होतो, आणि माझा काय उपयोग.